जाताना साडेपाच, येताना सव्वासहा

रेंटनच्या ग्रंथालयात एक पृथ्वीगोल आहे,
मुलांच्या कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या टेबलावर.
प्रशांत महासागर कुणीतरी चावलेला.
मंगळवारी दुपारी तिथं कुणी नसतं,
तेव्हा मी खिशातून दोरा काढतो,
काळा, चाळीस नंबरचा,
सिएटलवर अंगठा दाबतो
आणि मायामीपर्यंत ताणतो.

चव्वेचाळीस वर्षं कराडात मापं घेतली.
गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं
की दोन बोटं जास्त सोडायची, हे मला कळतं.
भिंतीवरचा नकाशा तसाच, पोट आत ओढलेला.
दोरा मात्र फसत नाही;
आयडाहो, वायोमिंग, कॅन्ससच्या गव्हावरून
आपली वाट आपण शोधतो.

लोरेटाबाईंनी यंत्रात बघून सांगितलं,
दोन हजार सातशे चोवीस मैल.
मी पावतीच्या पाठीवर वार काढले:
सत्तेचाळीस लाख चौऱ्याण्णव हजार दोनशे चाळीस.
अडीच वारांचा शर्ट धरला
तर एकोणीस लाख शर्ट,
शिवाय चिंध्या.

ऑक्टोबरात मी चारूकडे जातो, मायामीला.
एप्रिलात परत हेमांगीकडे.
जाताना साडेपाच तास, येताना सव्वासहा.
कापड तेच, मग पाऊण तास कुठं आटला?
शेजारच्या सीटवर विमानांचे पंख जोडणारा एक फिटर होता.
त्यानं पालथा हात माझ्या पाठीवर ठेवला, ढकलला,
मग तोच छातीवर ठेवला.
वारा, म्हणाला.
म्हणजे वारानं मोजलं तर सारखंच,
वाऱ्यानं मोजलं तर नाही.
दुकानात एवढं कुणी शिकवलं नव्हतं.

इंदू गेली तेव्हा हेमांगी पहाटे पोचली.
चारूनं स्वस्तातलं तिकीट काढलेलं,
दोन थांबे, दोह्यात अकरा तास.
दुपारी हेमांगी म्हणाली, आता आईला ठेवायचं नाही.
सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.
मी चष्मा पुसत बसलो.
कात्री ज्याच्या हातात तोच गप्प बसला
की कापड कसंही फाटतं.

त्याला चार वर्षं झाली.
दोघी बोलत नाहीत.
हेमांगी माझी बॅग भरताना
सहाच्या सहा शर्टांना इस्त्री करते,
कॉलरच्या आत पुठ्ठा घालते.
चारू बॅग उघडते, घडीवरून बोट फिरवते,
"इस्त्री बरी आहे," म्हणते,
आणि कपाट लावते.
एवढाच काय तो दोघींचा पत्रव्यवहार.

परवा नातू बोलून गेला:
आजोबा, तुम्ही विमानात असता ना,
तेव्हा आई ऑफिसात मीटिंग सोडून
फोनवर तुमचं विमान बघते, एवढंसं, पिवळं.
मी विचारलं, बोटाएवढं?
नाही हो, मुंगीएवढं.

मी काही बोललो नाही.
कारण गेल्या खेपेला उतरल्या उतरल्या
चारू सहज म्हणाली होती,
"कॅन्ससवर एवढा वळसा का घेतला, वादळ होतं?"
तिला कसं कळलं, हे मला तेव्हा सुचलंच नाही विचारायला.

म्हणजे दोन टोकांना दोघी
एकाच मुंगीकडं बघत होत्या,
आणि मुंगीच्या पोटात मी,
मोफत शेंगदाण्यांची पुडी दातांनी फोडत.

दोरा दुमडला की मध्य सापडतो.
कॅन्ससमध्येच येतो तो, गावाचं नाव वाचता येत नाही,
शाई उडाली आहे.
या ऑक्टोबरात तिथं पोचल्यावर
मी सीटवरून उठणार आहे.
मापाला माणसानं उभं राहावं लागतं.
हात जरा बाजूला, मान सरळ,
पोट मुद्दाम आत न ओढता.

बेल्टचा दिवा लागेल.
हवाईसुंदरी येऊन म्हणेल, बसा.
बसेन की.
आधी दोघींचं बघून होऊ दे.